पाचोळ्याचं खत: होळीला भरायचं, दिवाळीला काढायचं

लीफ मोल्डबद्दल, म्हणजे पाचोळ्याच्या खताबद्दल, विलायती पुस्तकात वाचलं की कृती तीन शब्दांत संपते: गोळा करा, रचा, विसरा. तिकडे ते खरंही आहे. तिकडची पानं ऑक्टोबर-नोव्हेंबरात गळतात, पुढे सगळा ओला, गार हिवाळा असतो आणि ढीग आपोआप भिजत राहतो. 'ऑटम'चं मराठी 'शरद' करून हाच सल्ला ठाण्यात आणला की घोटाळा होतो. आपल्या शरदात, म्हणजे आश्विन-कार्तिकात, झाडं पावसाने न्हाऊन हिरवीगार उभी असतात. आपली पानगळ माघ-फाल्गुनातली. तिच्यानंतर येतात मार्च, एप्रिल, मे, आणि या तीन महिन्यांत आभाळातून सहसा थेंबही पडत नाही. त्यामुळे इथे ढीग रचून विसरलात, तर जूनच्या पहिल्या सरीपर्यंत तो जसाच्या तसा कुरकुरीत राहतो. मग जुलै येतो. एकट्या जुलैत आपल्या भागात आठशे मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो आणि तोच ढीग लगदा होऊन वास मारायला लागतो.

म्हणून ठाणे-नवी मुंबईत पाचोळ्याचं खत करणं म्हणजे पाण्याचा हिशेब सांभाळणं. जूनपर्यंत पाणी घालायचं, जूननंतर काढून द्यायचं. कल्चर, पावडर, गूळ, ताक वगैरे सगळं त्याच्या नंतर, आणि बहुतेकदा गरजेचंही नाही.

आधी एक फरक समजून घेऊ, कारण सोसायट्यांमध्ये बहुतेक गोंधळ इथूनच सुरू होतो. स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्याचं कंपोस्ट जिवाणू करतात. ते तापतं, दीड-दोन महिन्यांत होतं, आणि झाडांना खाऊ घालतं. पाचोळ्याचं खत मुख्यतः बुरशी करते. ते तापत नाही, सावकाश होतं, आणि झाडांना फारसं खाऊ घालत नाही. झाड पान टाकण्याआधी त्यातला नायट्रोजन बराचसा परत ओढून घेतं, त्यामुळे गळालेल्या पानात एका भाग नायट्रोजनला चाळीस ते ऐंशी भाग कार्बन उरतो. शिवाय शिरांमधलं लिग्निन, म्हणजे पानाला ताठपणा देणारं चिवट द्रव्य, जिवाणूंना फारसं पचत नाही, बुरशीला पचतं. कॅल्शियम मात्र झाडाला परत घेता येत नाही, ते पानाबरोबरच खाली येतं आणि खतात राहतं. तयार खताचं खरं मोल आहे ते पाणी धरण्यात आणि माती भुसभुशीत ठेवण्यात. नर्सरीतली लाल माती दोन पावसांत कुंडीत विटेसारखी बसते, तिच्यावर याच्याइतका स्वस्त उपाय दुसरा नाही.

कोणती पानं घ्यायची

आपल्या रस्त्यांवर आणि सोसायट्यांत जी झाडं आहेत, त्यांचे तीन गट पडतात.

पहिला गट लवकर कुजणाऱ्यांचा: पर्जन्यवृक्ष (ज्याला सगळे रेन ट्रीच म्हणतात), गुलमोहर, सोनमोहर, करंज. ही सगळी शेंगावर्गातली झाडं. त्यांच्या पानांत नायट्रोजन जरा जास्त असतो आणि पर्णिका मुळातच लहान, म्हणजे चुरा करायचा त्रास नाही. फेब्रुवारीच्या शेवटी रेन ट्रीखाली झाडू मारला की जी पिवळट-तपकिरी पर्णिकांची रास जमते, ती या कामासाठी पहिल्या नंबरची. फक्त शेंगा वेचून काढायच्या. पाचोळ्याचा ढीग तापत नाही, म्हणजे बीही मरत नाही. रेन ट्रीच्या चिकट शेंगा आत राहिल्या, तर पुढच्या वर्षी प्रत्येक कुंडीत रेन ट्री उगवतो. सुबाभळीच्या बाबतीत तर हे दुप्पट खरं.

दुसरा गट मधला: पिंपळ, ताम्हण, आपटा, कांचन, बांधाबांधाने लावलेला उंच अशोक. पिंपळाचं पान मऊ भाग आधी सोडतं आणि जाळीदार सांगाडा बरेच दिवस टिकवतं. ते बघून 'कुजलं नाही' म्हणून थांबू नका, तो सांगाडा चाळणीवर बोटाने दाबला की मोडतो.

तिसरा गट चिवट: देशी बदाम, आंबा, फणस, वड, साग. यात बदामाची पानं सगळ्यात जास्त मिळतात आणि सगळ्यात जास्त फसवतात. वीतभर लांब, जाड, लालबुंद होऊन गळतात, वाळली की चामड्यासारखी होतात, आणि ढिगात पत्रावळींसारखी एकावर एक बसतात. वरून ओतलेलं पाणी वरच्या पानावरून घरंगळून कडेने निघून जातं, खालच्या थराला कळतसुद्धा नाही. आंब्याच्या पानावर मेणाचा थर असतो, तिथेही हेच. ही पानं वर्ज्य नाहीत, पण ती चुरूनच घ्यावीत आणि एकूण ढिगाच्या एक तृतीयांशाच्या वर जाऊ देऊ नयेत.

निलगिरी, ऑस्ट्रेलियन बाभूळ आणि बांबू माझ्या मते या ढिगात घालूच नयेत. कुजतात, पण बाकीचं खत तयार होऊन वापरून झालं तरी ती तशीच असतात. नारळाच्या झावळ्या, सुपाऱ्या, पोयी यांचा उपयोग ढिगात नाही, ढिगाखाली आहे. तो पुढे येतो. काळे ठिपके पडलेली गुलाबाची पानं, भुरी आलेली जास्वंदाची पानं बाहेर ठेवा. थंड ढिगात त्यांचे रोग टिकतात. रेन ट्रीवर पिठ्या ढेकूण दिसला म्हणून त्याची पानं टाकायचं मात्र कारण नाही. ती कीड जिवंत फांदीच्या रसावर जगते, वाळल्या पानावर टिकत नाही.

येऊरच्या जंगलातून पोतंभर पाचोळा आणायचा मोह ठाण्यात बऱ्याच जणांना होतो. करू नका. ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे, तिथून पान उचलणंही वन्यजीव संरक्षण कायद्यात बसत नाही. आणि गरजही नाही. नौपाड्यापासून नेरूळपर्यंत ज्या सोसायटीत चार मोठी झाडं आहेत, तिथे फेब्रुवारी-मार्चात पानं कुठे ठेवायची हाच प्रश्न असतो.

खरी अडचण वेगळी असते, ती म्हणजे पानं स्वच्छ मिळणं. सकाळी झाडणाऱ्या मावशींनी एकदा का पानं सुपलीने गोळा करून घंटागाडीच्या डब्यात टाकली, की त्यात गुटख्याच्या पुड्या, चिप्सची पाकिटं, सिगारेटची थोटकं, कुत्र्याची घाण सगळं येतं. नंतर निवडत बसणं हे अर्ध्या दिवसाचं काम. त्यापेक्षा आधीच दोन रिकाम्या गोण्या देऊन 'मावशी, बागेतली आणि झाडाखालची पानं तेवढी यात भरा, पार्किंगमधली नकोत' असं सांगितलेलं बरं. पार्किंगच्या पानांवर ऑइल असतं. शेजारी बांधकाम सुरू असेल, आणि घोडबंदर रोडला ते कुठे नसतं, तर पानांवर सिमेंटची धूळ बसते. ती अल्कधर्मी, त्यामुळे अशी पानं एकदा पाण्यातून काढून घ्या. पानं जाळण्याचा पर्याय मनातही आणू नका. धूर हे एक कारण झालंच, शिवाय राष्ट्रीय हरित लवादाच्या २०१६ च्या आदेशाप्रमाणे उघड्यावर कचरा जाळल्यास ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये दंड आहे.

जाळीचा पिंजरा

जमीन उपलब्ध असेल तर सगळ्यात सोपी आणि उत्तम गोष्ट म्हणजे कोंबडीजाळीचा गोल पिंजरा. तीन फूट उंचीच्या जाळीचा साडेदहा फूट तुकडा कापायचा, अर्धा फूट एकमेकांवर चढवून बाइंडिंग वायरने चार ठिकाणी बांधायचा. साधारण सव्वातीन फूट व्यासाचं गोल तयार होतं, त्यात पावणेसातशे लिटर माल मावतो. बाहेरून चार बांबू ठोका, नाहीतर भिजल्यावर पोट सुटतं. खाडीची हवा लागते अशा ठिकाणी, म्हणजे वाशी, नेरूळ, कोपरी या पट्ट्यात, प्लास्टिकचा मुलामा असलेली जाळी घ्या. साधी जाळी गंजून तिच्या तारांचे तुकडे खतात पडतात आणि नंतर बोटात घुसतात.

याहून लहान पिंजरा करू नये. दोन फुटांचा ढीग मेच्या वाऱ्यात चारी बाजूंनी वाळतो आणि मधे जेमतेम फूटभर ओलावा राहतो. याहून फार मोठाही नको, मध्यभागी हवा पोचत नाही.

जागा सावलीची. पण झाडाच्या बुंध्याला टेकवून नाही, साल कुजते. कंपाउंडच्या भिंतीपासूनही निदान फूटभर अंतर, नाहीतर भिंतीला ओल आल्याची तक्रार पहिल्या मिटिंगमध्येच येते. मीटर रूमजवळ तर नकोच. भिजवलेला ढीग पेट घेत नाही, पण भिजवायच्या आधी आठवडाभर कोपऱ्यात रचून ठेवलेल्या कोरड्या गोण्यांना एक थोटूक पुरतं.

खाली विटांचा चार इंच उंच चौथरा करा, विटांत बोटभर फटी ठेवा, आणि त्यावर नारळाच्या झावळ्या आडव्या-उभ्या दोन थरांत पसरा. याची दोन कारणं आहेत. जुलैत पाणी तुंबतं तेव्हा ढिगाचं बूड पाण्यात राहत नाही. आणि दुसरं, जे लोकांच्या लक्षात फार उशिरा येतं: जमिनीवर थेट रचलेल्या ओल्या ढिगात शेजारच्या झाडाची मुळं खालून वर चढतात. वड-पिंपळाच्या जवळ रचलेला ढीग दिवाळीत उपसायला गेलात, तर खताऐवजी मुळांची गादी हातात येते.

चुरा आणि भिजवण

एका पिंजऱ्याला सैल भरलेल्या पंधरा ते वीस गोण्या लागतात. तांदळाच्या पन्नास किलोच्या गोणीत कोरडी पानं चार-साडेचार किलोच मावतात, म्हणजे पिंजऱ्यात एकूण साठ ते नव्वद किलो पानं जातात.

चुरण्यासाठी मशिनची गरज मोठ्या सोसायटीलाच. घरगुती कामाला पाय पुरेत. गोणी निम्मी भरायची, तोंड बांधायचं, आडवी टाकून बूट घालून तुडवायची. दुपारी दोन ते चार ही वेळ साधा. सकाळी पानांत दव असतं, ती चिंबतात पण मोडत नाहीत. मार्चमधल्या दुपारी तीच पानं पापडासारखी मोडतात. बदामाचं पान रुपयाच्या नाण्याएवढ्या तुकड्यांत आलं की पुरे, पीठ करायचं नाही. फार बारीक चुरा पावसात चिकट गोळा होतो. नाका-तोंडाला फडकं बांधा. दमा असलेल्यांनी हे काम दुसऱ्याला द्यावं, आणि पुढे ढीग उलटतानाही लांबच राहावं, कारण तेव्हा बुरशीचे बीजाणू उडतात.

आता पाणी. पंचाहत्तर किलोच्या आसपास कोरड्या पानांना कुजण्याइतकी ओल, म्हणजे एकूण वजनाच्या साठ टक्के पाणी, आणायची तर शंभर लिटरच्या जवळपास पाणी पानांच्या आत शिरावं लागतं. म्हणजे दहा लिटरच्या दहा बादल्या. 'आत शिरावं' हे महत्त्वाचं. रचलेल्या ढिगावर पाइप धरून शंभर लिटर सोडले, तर त्यातले सत्तर खालून वाहून जातात. दोनच पद्धती चालतात. एक: वीतभर थर, त्यावर झारीने पाणी, पायाने दाब, पुन्हा थर. दुसरी, बदाम-आंब्यासाठी: पिंपात रात्रभर बुडवून, वर एक वीट ठेवून, सकाळी निथळून रचणं. पिंपातलं चहाच्या रंगाचं पाणी फेकू नका, पुढच्या घाणाला तेच वापरा. पिंप उघडं मात्र ठेवायचं नाही. डेंग्यूच्या डासाला तेवढंच हवं असतं.

मार्च-एप्रिलात पाणीकपात असते, मान्य. एसीचं पाणी यासाठी उत्तम, त्यात क्षार जवळपास नसतात आणि एका चालत्या एसीखाली दिवसाला सहज बादली भरते. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी चालतं. आरओचं सोडून दिलेलं पाणी कोरड्या महिन्यांत शक्यतो टाळा, त्यातले क्षार पानांत साठतात.

काही घालायचंच असेल तर दर फूटभर थरानंतर बादलीभर शेणाचं पतलं पाणी, किंवा मागच्या वर्षीच्या ढिगातली दोन-तीन घमेली अर्धकच्ची पानं. हे झालं विरजण. पहिलंच वर्ष असेल तर जुन्या झाडाखालचा, जमिनीला चिकटलेला, पांढरे धागे आलेला पाचोळा एक घमेलं पुरे. बुरशी विकत आणायची गरज नाही, ती पानावर बसूनच येते. ओला कचरा यात टाकू नका, उंदीर येतात आणि उंदरांमागे साप. शेण-गोमूत्र-गुळाच्या अमृतजलाने केलेली अमृतमाती हा वेगळा प्रकार आहे, चांगला आहे, पण त्यात मेहनत आणि लक्ष दोन्ही जास्त लागतं. दोन्ही पद्धती एका ढिगात मिसळून काही साधत नाही.

होळी ते जून

रचून झाल्यावर वरून ओलं गोणपाट किंवा जुनी चादर पसरा आणि दर आठ दिवसांनी एक तपासणी करा. वरची पानं बघून काही कळत नाही. हात कोपरापर्यंत आत घालायचा (आधी काठीने ढोसून, हातमोजा घालून), मधली मूठभर पानं काढायची आणि पिळायची. बोटांच्या फटीतून एक-दोन थेंब आले, ओल बरोबर आहे. तळवा नुसता गार लागला आणि थेंब नाही, तर पाणी कमी. धार लागली, तर जास्त.

मेच्या मध्यावर मूठ उघडून जवळून बघा. ओल नीट राहिली असेल तर पानं एकमेकांना हलकी चिकटलेली असतात. दोन पानं सोलली की त्यांच्यामध्ये पांढऱ्या धाग्यांचा, कोळ्याच्या जाळ्यापेक्षा जरा जाड असा पंखा पसरलेला दिसतो. पानाचा रंग धाग्यांखाली फिकट, जवळजवळ बिस्किटी झालेला असतो. तिथे लिग्निन पचायला लागलंय. वास पहिल्या पावसानंतरच्या मातीचा. लोक हे पांढरं बघून 'बुरशी लागली' म्हणून घाबरतात आणि चुना मारतात. अहो, तिच्यासाठीच तर हा सगळा खटाटोप!

मुंग्यांची वसाहत दिसली तर तो ढीग कोरडा असल्याचा निरोप आहे. मुंग्यांवर पावडर मारू नका, पाणी घाला. वाळवीचंही तेच. कोरडा गाभा वरून पाणी ओतून भिजत नाही, एकदा ढीग उपसून पुन्हा थराथराने भिजवावाच लागतो. हे एप्रिलअखेर केलंत तर वर्ष वाचतं.

उलटणं एकूण दोनदाच: एकदा मेच्या सुरुवातीला, एकदा सप्टेंबरात. पिंजऱ्याची तार सोडायची, जाळी शेजारी उभी करायची, वरचा माल तळाशी आणि कडेचा मधे. कंपोस्टसारखं दर आठवड्याला उलटत राहिलात तर बुरशीचे धागे तुटत राहतात आणि ती पुन्हा पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करते.

पावसाळ्यात

पहिल्या आठ-दहा दिवसांचा पाऊस ढिगावर बिनधास्त पडू द्या. उरलेली कोरडी ठिकाणं तो भिजवतो. त्यानंतर झाकण. ताडपत्री थेट ढिगावर टाकली की खाली हवा कोंडते आणि वर खड्ड्यात पाणी साचतं, पुन्हा डास. चार बांबूंवर ढिगापासून अर्धा फूट वर, एका बाजूला ठळक उतार देऊन बांधा, बाजू मोकळ्या. कडेने सर आत आली तर येऊ दे.

सडक्या अंड्यासारखा वास आला म्हणजे आतली हवा संपली. झाकण नव्हतं, चुरा फार बारीक होता किंवा तळाला पाणी तुंबलंय, तीनपैकी काहीतरी एक. अशा वेळी पावसाची उघडीप बघून ढीग काट्याने सैल करा आणि मधेमधे मोडक्या बारीक काटक्या किंवा कोरडी पानं मिसळा. दोन-चार दिवसांत वास जातो. म्हणून मार्चमध्येच दोन गोण्या कोरडी पानं गच्चीच्या जिन्याखाली राखून ठेवावीत. जुलैत कोरडं पान सोन्याच्या भावानेही मिळत नाही.

पावसाळ्यातले पाहुणे ओळखून ठेवा. काळे-तांबडे वाणी म्हणजे पैसा किडे, गांडुळं, वुडलाइस (ओलीत राहणारे राखाडी, बारीक पायांचे किडे) हे मजूर आहेत, बिनपगारी. आफ्रिकन गोगलगायी ढिगाच्या सावलीत दिवस काढतात आणि रात्री तुमच्या कुंड्यांवर चरायला जातात. त्या संध्याकाळी हातमोज्याने वेचून मिठाच्या पाण्यात टाका. पांढऱ्या, इंग्रजी 'सी'सारख्या वाकलेल्या, तपकिरी डोक्याच्या जाड अळ्या दिसल्या तर मात्र गंभीरपणे घ्या. यातल्या काही हुमणीच्या असतात, त्या मुळं खातात. अंगठ्याहून जाड असतील तर गेंड्या भुंग्याच्या असण्याची शक्यता मोठी, आणि तो भुंगा नारळाचा कोंब पोखरतो. आवारात नारळ असलेल्या सोसायटीने सप्टेंबरच्या उलटणीत एकूण एक अळी वेचलीच पाहिजे. ज्या ढिगाने खत द्यायचं, त्यानेच नारळ मारला तर कमिटी पुढच्या वर्षी जाळी लावू देणार नाही.

आणि साप. येऊरच्या पायथ्याला, पारसिकच्या किंवा खारघरच्या डोंगराजवळ राहणाऱ्यांनी ढिगाला हात लावण्याआधी काठीने चारी बाजूंनी ठोकायचं, गमबूट घालायचे, पहिला थर काट्याने काढायचा. बिचारा बाहेर निघून जाईल एवढा वेळ द्यायचा.

जमीन नसेल तर गोणी

गॅलरीत पिंजरा शक्य नाही, तिथे गोणी. पण कुठली? गोणपाटाची पावसाळ्यात पानांच्या आधी कुजते. तांदळाची पांढरी विणलेली प्लास्टिक गोणी उन्हात ठेवली तर पाच-सहा महिन्यांत तिची पट्टी-पट्टी सुटते आणि खतात हजार प्लास्टिकचे धागे मिसळतात. ते कधीच निघत नाहीत. तीच गोणी सावलीत ठेवली तर वर्ष काढते. सर्वात बरी जाड हिरवी ग्रो बॅग, तळाला आणि बाजूंना पेन्सिल जाईल एवढी पंधरा-वीस भोकं पाडून. सिमेंटची गोणी नको.

चुरलेली, रात्रभर भिजवून निथळलेली पानं दाबून भरा. जागेअभावी इथे रेन ट्री-गुलमोहरच घ्या, बदाम नको. तोंड सैल बांधा, दर तीन आठवड्यांनी गोणी उलटी-पालटी करून मूठ पिळून बघा. गोणी ट्रेमध्ये, दोन विटांवर. पानांतून उतरणाऱ्या टॅनिनच्या पाण्याचे तपकिरी डाग फरशीवरून लवकर जात नाहीत, आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या वाळत घातलेल्या कपड्यांवरून तर अजिबात नाही. तीस लिटरच्या गोणीतून आठ-दहा लिटर खत मिळतं. दोन लहान कुंड्यांचं काम भागतं, तेवढीच अपेक्षा ठेवा.

काढणं आणि वापर

शेंगावर्गातली लहान पानं मार्चमध्ये रचली तर सप्टेंबरात तयार असतात. मिश्र ढीग दिवाळीला. बदाम-आंबा जास्त असेल तर पुढची संक्रांत. तयार मालाचा रंग गडद तपकिरी, चिमटीत चुरडला की चहाच्या भुकटीसारखा मोडतो आणि मूळ पान कुठलं होतं ते ओळखू येत नाही. पावणेसातशे लिटरच्या पिंजऱ्यातून दीडशे ते दोनशे लिटर निघतं. एवढंच? हो, एवढंच, म्हणून तर मार्चमध्ये 'फार झाली पानं' म्हणायचं नाही.

रेती चाळायच्या पाव इंची जाळीवर चाळा. वर राहिलेलं पुढच्या वर्षीचं विरजण. शंका असेल तर अळीवाची परीक्षा घ्या: एका वाटीत हे खत, दुसऱ्या वाटीत नेहमीची माती, दोन्हीत चमचाभर अळीव. तीन-चार दिवसांत खतातला अळीव मातीतल्याइतकाच उगवला तर माल पक्का. कमी उगवला किंवा मुळांची टोकं तपकिरी पडली, तर अजून महिनाभर थांबा.

बारा इंची कुंडीला पंधरा लिटरच्या आसपास मिश्रण लागतं. त्यात सहा लिटर लाल माती, सहा लिटर पाचोळ्याचं खत, तीन लिटर गांडूळखत किंवा जुनं शेणखत, आणि मूठभर निंबोळी पेंड. गांडूळखताचा वाटा गाळून 'सगळं लीफ मोल्डच' घालणाऱ्यांची झाडं महिन्याभरात पिवळी पडतात, आणि दोष खताला जातो. सुरुवातीला सांगितलंच, यात नायट्रोजन जेमतेम आहे. अर्धकच्चं घातलं तर त्याहून वाईट: कुजायचं राहिलेलं पान मातीतलाच नायट्रोजन ओढतं. अर्धकच्चं वर पसरायला वापरा, मोगरा, जास्वंद, कढीपत्ता यांच्या बुडाशी दोन इंच थर, खोडापासून चार बोटं सोडून. मातीत मिसळू नका.

बी पेरायला दोन भाग चाळलेलं खत, एक भाग रेती. रेती धुऊन घ्या. खाडीची असेल तर खारट असते आणि मेथी-कोथिंबीर उगवून कोमेजते. फर्न, अँथुरियम, अळू, मनी प्लांट यांना निम्म्यापर्यंत चालतं. अडेनियम आणि निवडुंगांना अजिबात नको, बुडखा सडतो.

नर्सरीतून 'लीफ मोल्ड' विकत घेत असाल तर मूठभर ग्लासभर पाण्यात ढवळून दहा मिनिटं ठेवा. तळाला बोटभर माती बसली तर तुम्ही मातीचेच पैसे दिलेत.

साठवताना पूर्ण वाळू देऊ नका. एकदा खडखडीत वाळलेलं हे खत पाणी धरण्याऐवजी ढकलतं, कुंडीत वरून घातलेलं पाणी कडेने सरळ ट्रेमध्ये उतरतं आणि मधली माती कोरडी राहते. ओलसर असतानाच गोणीत भरून सावलीत ठेवा, तोंड सैल. वाळलंच तर वापरण्याआधी रात्रभर बादलीत भिजत घाला.